काडेपेटी कुठे आहे?

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना एकाएकी वाचकांच्या घराची काळजी वाटू लागते. 'कमी खर्चात सजवा आपलं घर' या मथळ्याखाली जे छापून येतं ते वर्षानुवर्षं तेच असतं. उशांचे अभ्रे बदला, रिकाम्या बाटलीत मनी प्लांट लावा, एका भिंतीला वेगळा रंग द्या, कोपऱ्यात पिवळ्या उजेडाचा दिवा ठेवा, आईच्या जुन्या साडीचे पडदे शिवा. (आईला विचारलंय का, याचा उल्लेख नसतो.) यातलं काहीच वाईट नाही. प्रत्येक वस्तू 'फक्त' अमुक रुपयांत मिळते आणि अशा दहाबारा 'फक्त'ची बेरीज केली तर महिन्याचा किराणा निघावा, हा मुद्दाही सोडून देऊ. माझी तक्रार वेगळी आहे. ही सगळी यादी एकट्या डोळ्यांचे लाड पुरवण्यासाठी केलेली असते. घर आपलं वाटतं की नाही याचा निकाल डोळ्यांनी द्यायचा, असं या पुरवण्या गृहीत धरून चालतात आणि माझ्या मते खर्च वाढतो तो इथेच. हा निकाल हात आणि पाय देतात. त्यांची फी अगदी मामुली असते, पण ते घाई करत नाहीत.

यासाठी फार लांबचा पुरावा नको. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात लोडशेडिंगचं राज्य होतं आणि त्या काळात घरोघरी जवळजवळ रोज एक परीक्षा होत असे. दिवे गेले की घरचं माणूस अंधारातच उठायचं, टीपॉयच्या कोपऱ्यापासून नडगी वाचवत वळसा घालायचं, देवघराच्या डाव्या अंगाला हात न्यायचं आणि काडेपेटी तिथेच असायची. पाहुण्याला मात्र 'तुम्ही बसा, उठू नका' असं बजावलं जाई. तो आदर वाटत असला तरी मुळात तो आमच्या काचेच्या भांड्यांचा विमा होता. आज दिवे फारसे जात नाहीत म्हणून परीक्षा रद्द झाली असं नाही. ती विजेच्या बोर्डापुढे रोज होते. बैठकीच्या खोलीतल्या बोर्डावर सातआठ बटणं असतात, एकाही बटणावर काही लिहिलेलं नसतं, शिवाय त्यातली दोन कशाचीच नसतात. घरातलं शाळकरी पोर न बघता तिसरं बटण दाबतं आणि पंखा लागतो. पाहुणा हवा तो दिवा लावण्यासाठी सगळी बटणं क्रमाने दाबून बघतो, आतल्या खोलीतला टीव्ही बंद पडतो आणि आतून कुणीतरी ओरडतं. याउलट पंचतारांकित हॉटेल घ्या. तिथे पुरवणीतली यादी शंभर टक्के पाळलेली असते. उशा, दिवे, पडदे, भिंतीवरचं चित्र, सगळं आपल्या घरातल्यापेक्षा सरस. तरीही झोपायच्या आधी तो शेवटचा एक दिवा कुठून बंद होतो हे शोधत माणूस खोलीभर हिंडतो. हजारो रुपये भाडं भरून पाहुणाच राहतो.

याला एक साक्षीदार आहे आणि तोही स्मरणशक्ती गमावलेला. हेन्री मोलेझन नावाचा अमेरिकन तरुण अपस्माराच्या झटक्यांनी हैराण झाला होता. १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा थोडा थोडा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवीन काही लक्षात ठेवण्याची ताकद जवळजवळ संपली. वर्षानुवर्षं भेटणाऱ्या संशोधकांचीही त्याला पुन्हा पुन्हा नव्याने ओळख करून द्यावी लागे. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला लावली. हे काम दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी कधी केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. पण आपल्या कामाची गोष्ट यापुढची आहे. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, तो आईवडिलांबरोबर दुसऱ्या घरात राहायला गेला. हिशेबाने ते घर त्याच्या डोक्यात शिरायलाच नको होतं. तरीही पुढे त्याने त्या घराचा बरोबर नकाशा काढून दाखवला. कुठल्या खोलीतून कुठे जाता येतं ते त्याला ठाऊक होतं. रोज, वर्षानुवर्षं, त्याच दारांतून जाऊन येऊन ते घर त्याच्यात हळूहळू मुरलं, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला. सकाळी भेटलेला माणूस दुपारी न ओळखणाऱ्यालाही घर येतं. तेव्हा नव्या फ्लॅटमध्ये जाऊन महिना झाला तरी संडासाऐवजी कपाटाचं दार उघडणाऱ्यांनी धीर धरायला हरकत नाही.

यातून काटकसरीची जी वाट निघते ती सरळ आहे. हातापायांना शिकवायला पैसे लागत नाहीत, तोचतोचपणा लागतो. साखरेचा डबा रोज त्याच जागी, किल्ल्या रोज त्याच खिळ्याला, छत्री रोज त्याच दारामागे. पाहायला हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुठल्या पुरवणीत येत नाही. 'यंदा काहीही हलवू नका' या सल्ल्याबरोबर छापायला फोटो तरी कसला मिळणार? उलट पैसा आला की पहिली आपत्ती कोसळते ती या तोचतोचपणावर. बोनस मिळतो, घरात 'फर्निचर करून घ्यायचं' ठरतं आणि सुतार येतो. तो दोन महिन्यांच्या बोलीवर येतो आणि चार महिने राहतो. तेवढ्या मुदतीत त्यालाच ते घर आपलं वाटू लागत असावं. तो जातो तेव्हा ओट्याखाली सनमायका लावलेल्या, मुठी नसलेल्या, एका तोंडवळ्याच्या ट्रॉल्या असतात. मग पुढचे सहा महिने मिठासाठी पाच खण उघडले जातात. तिसऱ्यात चमचे, चौथ्यात पुन्हा चमचे, आणि मीठ सापडतं तोवर भाजी खाली लागलेली असते. बघायला आलेली मंडळी 'किती छान झालंय' म्हणतात, ते खरंच असतं. ज्या बाईचा हात वीस वर्षं न बघता हिंगाच्या डबीवर पडत होता, ती मात्र स्वतःच्याच स्वयंपाकघरात शेजारणीसारखी उभी असते. एवढे पैसे मोजून घर अनोळखी करून घेण्याचा हा प्रकार मध्यमवर्गात मोठ्या हौसेने चालतो. श्रीमंतांचं तर बोलायलाच नको. त्यांच्या घरात काय कुठे आहे हे त्यांच्या स्वयंपाक्याला माहीत असतं. म्हणजे माझ्या हिशेबाने घर स्वयंपाक्याचं, कर मालकाचा.

जुन्या वाड्यांमधल्या गवंड्यांना हे न सांगता कळत होतं असं दिसतं. जाड भिंतीतच कोनाडा ठेवायचा, दिव्याला दिवळी, भिंतीत पुरलेलं फडताळ, ठरावीक उंचीवर खुंटी. भिंत बांधायचीच होती, त्यामुळे या सोयींचा वेगळा खर्च असा फारसा नव्हता, आणि एकदा केल्यावर त्या हलवण्याची सोयही नव्हती. पगडी पिढ्यान्‌पिढ्या त्याच खुंटीला. हीच गोष्ट पैशांच्या तंगीमुळे युरोपालाही शिकावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने स्वस्तातली घरं बांधायला काढली आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा आराखडा १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी केला. जेमतेम साडेसहा चौरस मीटर जागा, म्हणजे आपल्या भाषेत सत्तर चौरस फूट. बाईंनी सजावटीचा विचार बाजूला ठेवून हात कुठून कुठे जातो आणि पावलं किती पडतात यावर रचना केली. धान्याला, साखरेला ॲल्युमिनियमचे ओढते खण, प्रत्येकावर नाव. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफुर्टमध्ये बसवली गेली आणि आजच्या ट्रॉलीवाल्या ओट्याची ती पणजी. तिच्या पणतीने खणांवरची नावं टाकून दिली, मुठी काढल्या आणि किंमत वाढवली. मराठी घरांत तशीही नावांची पद्धत कधी रुजली नाही. आपल्याकडे डब्यावर जे लिहिलेलं असतं ते सोडून दुसरं काहीही डब्यात असू शकतं: 'बोर्नव्हिटा'त मोहरी, 'चहा'त रवा, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. बाहेरून आलेला चोर या व्यवस्थेपुढे हात टेकेल. घरच्याला काहीच अडत नाही, कारण तो वाचतच नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत रास्त आक्षेप असा की हे सगळं गरिबीचं गुणगान आहे; खुराड्यात राहणाऱ्याला 'तुझा हात तर सगळीकडे पोहोचतो' असं सांगण्यासारखं. पोहोचतो हे खरंच आहे. फ्रँकफुर्टचं स्वयंपाकघर बेतलं गेलं त्याच दशकात मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सरकारच्या विकास खात्याने चाळी उभ्या केल्या, त्याच या बीडीडी चाळी. एक खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, देव, अभ्यास, आजारपण, बाळंतपण आणि गावाहून आलेले दोघे. संडास बाहेर, सगळ्यांना मिळून. अशा खोलीत काडेपेटी हरवायला मुळात जागाच नव्हती. तरी तिथल्या रहिवाशांनी पुनर्विकासासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि २०२५ मध्ये वरळीत पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा पेढे वाटले गेले. ते योग्यच झालं. आपलेपणा आणि सोय ही दोन वेगळी खाती आहेत, एवढंच माझं म्हणणं. गळकं छप्पर, बाहेरचा संडास, खिडकी नसलेली मोरी यांवर सवय हा इलाज नाही. तिथे पैसेच लागतात आणि ते आधी लागतात. घोटाळा होतो तो सोयीच्या खात्यातले पैसे उचलून आपलेपणाच्या खात्यात भरताना. भिंतीला ओल आलेली असते आणि तिच्यावर ओल दिसू नये म्हणून चित्र टांगलं जातं. दोन पावसाळ्यांनी चित्रही ओलं होतं.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. माणसाला आपलं घर देखणं असावंसं वाटू नये का? वाटावं. मला फक्त त्या देखणेपणाच्या टिकाऊपणाबद्दल शंका आहे. डोळ्यांचा स्वभावच असा आहे की जे रोज दिसतं ते त्यांना हळूहळू दिसेनासं होतं. भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ वर्षभर कुणाला खुपत नाही. मार्च उजाडला तरी दिनदर्शिका जानेवारीतच असते. शोकेसमधली काचेची बदकं शेवटची कधी पाहिली हे घरातल्या कुणालाही सांगता येणार नाही. मोठ्या हौसेने रंगवलेली ती वेगळ्या रंगाची भिंतही काही महिन्यांत नुसती भिंत होते. मग सजावट दिसते कुणाला? पाहुण्यांना. म्हणजे वर्षातून दहाबारा वेळा, प्रत्येकी दीडदोन तास येणाऱ्या माणसांसाठी, त्यांच्या परवानगीशिवाय, आपण कर्ज काढतो. आपल्याकडची जी खरोखर स्वस्त सजावट आहे तिने हा पेच कधीच ओळखला होता. रांगोळी रोज पुसते आणि रोज काढावी लागते. दसऱ्याचं तोरण सुकतं. ते पुढच्या सणापर्यंत तसंच लोंबत राहतं हा भाग वेगळा. सारवलेली जमीन आठ दिवसांत पुन्हा सारवायला येते. टिकाऊ नसणं हे या गोष्टींचं भांडवल आहे, कारण त्यामुळे हात त्यांच्याकडे परत परत जातो. रांगोळी ज्या उंबऱ्यापुढे रोज काढली जाते त्या उंबऱ्याची उंची त्या बाईच्या पाठीला पाठ असते. वारली भिंतचित्रांचंही मूळ असंच, लग्नाच्या निमित्ताने तांदळाच्या पिठाने मातीच्या भिंतीवर काढलेलं. ते चौकटीत बसवून बैठकीत टांगलं की त्याचंही काही दिवसांनी काचेचं बदक होतं.

तिसरा आक्षेप भाडेकरूंचा, आणि त्यांची बाजू खरंच कठीण आहे. हात शिकायला काळ लागतो असं म्हणायचं आणि करारावर लिहायचे अकरा महिने! या अकराची कुळकथा अशी सांगतात की १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली, म्हणून ती टाळायला एक महिना कापला गेला. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा असं सांगितलं. कापण्याचं कारण गेलं, पण कापलेला महिना काही परत आला नाही. शिवाय करारात कुठेतरी ते कलम असतंच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घरमालकाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. प्लास्टर त्याचं असतं आणि भाडेकरू जाताना खिळा नेला तरी भोक मागे ठेवतो. पण खिळा नाही म्हणजे किल्ल्यांना, पिशवीला, दिनदर्शिकेला कायमची जागा नाही, आणि मग घर हाताला येणार कसं? चिकटवायचे हूक मिळतात, ते बहुधा रात्री तीनच्या सुमारास, सर्व वजनासह, खाली येतात. पुण्यात नोकरीला आलेली चार पोरं ज्या फ्लॅटमध्ये राहतात तिथे पहा. सगळं सामान जमिनीवर असतं, कारण जमिनीबद्दल करारात काही लिहिलेलं नसतं.

तरी भाडेकरूंचा अनुभवच माझ्या बाजूने बोलतो. दर वर्षादोन वर्षांनी घर बदलणाऱ्या जाणत्या गृहिणी भिंती नेऊ शकत नाहीत, मांडामांड नेतात. मिसळणाचा डबा तोच, त्यातल्या वाट्यांचा क्रम तोच, मोहरीशेजारी जिरं आणि हळद त्याच कोपऱ्यात. ओट्याच्या उजवीकडे पिण्याचं पाणी, डावीकडे कचऱ्याचा डबा. नवं घर पहिल्या रात्री पूर्ण परकं असतं, त्यातली हात फिरेल एवढी जागा मात्र आदल्या घरातलीच असते, आणि फोडणी बिनबोभाट होते. बदलीच्या नोकरीतली कुटुंबं, न्यू जर्सीला गेलेली मराठी घरं, सगळी हेच करतात. तिथल्या कपाटांची उंची वेगळी, शेगडी वेगळी, खिडकीबाहेर बर्फ; फोडणीच्या वाटेवर हात जाताना मात्र अक्षांश-रेखांश विचारत नाही. एका मिसळणाच्या डब्याच्या किमतीत परकेपणा एवढा आटोक्यात येत असेल, तर पिवळ्या उजेडाच्या दिव्याने यापेक्षा अधिक काय करून दाखवलं ते मला कुणी सांगावं.

पैसे मुळीच खर्चू नयेत असं नाही. थोडे असले तर हाताला रोज जे अडतं तिथे घालावेत. दारातून आत आल्या आल्या पिशवी टांगायला एक भक्कम खुंटी. पलंगाशेजारी फोनसाठी सॉकेट, म्हणजे रात्री खोलीपलीकडून वायर ओढली जात नाही आणि पहाटे पायात येत नाही. ओट्यावर स्वतःची सावली पडणार नाही असा एक दिवा. माळ्यावरचं काढायला न डुगडुगणारं स्टूल. बुटांना जागा. या खर्चाची कुणी तारीफ करणार नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही. तेवढी एक तयारी मात्र ठेवावी लागते.

इथवर सगळं जमलं असं वाटतं तोच चौथा आक्षेप येतो आणि त्यापुढे माझा हा स्वस्ताईचा हिशेब चांगलाच डळमळतो. हात म्हणजे कुणाचा हात? 'काडेपेटी कुठे आहे', 'माझा रुमाल कुठे आहे', 'आधार कार्डाची झेरॉक्स कुठे आहे' हे प्रश्न मराठी घरांत एकाच दिशेने विचारले जातात आणि उत्तरंही एकाच दिशेने येतात: 'दुसऱ्या खणात, डावीकडे, टॉवेलखाली.' हे उत्तर भाजी चिरता चिरता, मान वर न करता दिलं जातं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने याचा हिशेब मांडला. बिनपगारी घरकामात हात घालणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. ही ९७ मिनिटंही सगळ्या पुरुषांची नव्हेत. मुळात घरकामात हात घालणारे पुरुषच शेकडा सव्वीस होते. बाकीच्या चौऱ्याहत्तर जणांना त्या दिवशी रुमाल कुणी दिला असेल याचा अंदाज करायला सर्वेक्षण लागत नाही. तेव्हा घर फुकटात आपलं होतं असं मी जे म्हणत आलो त्यात एक दुरुस्ती करावी लागते: पैसे पडत नाहीत, पण बिल येतं आणि ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर फाटतं. फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरावरही पुढे हीच टीका झाली. ते इतकं आखूड आणि नेमकं होतं की त्यात एकच माणूस उभं राहू शके. बाईंनी गृहिणीची पावलं वाचवली आणि मदतीला येऊ पाहणाऱ्याची तर पूर्णच वाचवली. पुढे त्यांनीच मोकळेपणी सांगितलं की तो आराखडा केला तोवर त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता.

गंमत अशी की या आक्षेपाने माझा मूळ मुद्दा खोटा ठरत नाही, उलट भलत्याच माणसाला लागू होतो. घर आपलं असण्याची कसोटी जर हात असेल, तर 'घरच्यासारखं सुख नाही' असं सोफ्यावरून मोठ्याने म्हणणारे बहुसंख्य पुरुष या कसोटीवर नापास आहेत. त्यांना टीव्हीचा रिमोट, पंख्याचं बटण आणि पाण्याची बाटली सापडते. तुरीची डाळ कुठल्या डब्यात आहे हे त्यांना तीस वर्षांनंतरही माहीत नसतं. सातबारा, कर्जाचे हप्ते आणि दारावरची पाटी त्यांच्या नावावर असली तरी घराच्या लेखी ते लीव्ह अँड लायसन्सवर राहतात, आणि लायसन्सचं नूतनीकरण रोज 'अगं' या अर्जाने होतं. निवृत्तीनंतर अनेकांना घरात करमत नाही, त्याची कारणमीमांसा पुष्कळ जणांनी केली आहे. दिवसभर अशा ठिकाणी राहणं, जिथे कात्री कुठे आहे हेसुद्धा विचारावं लागतं, हे एक कारण त्यात धरायला माझी हरकत नाही.

यावर उपाय आहे आणि तो पुरवणीतल्या कुठल्याही उपायापेक्षा स्वस्त आहे. एक महिना धुतलेली भांडी त्यानेच लावायची. घासायची नाहीत म्हटलं तरी चालेल, तिथे तडजोड करू. पण वाळलेली भांडी पुसून जागच्या जागी ठेवायची ती त्याने. वाट्या कुठे, झाऱ्या कुठे, कुकरची शिट्टी कुठे आणि ते एकच झाकण कशावर बसतं, हे सगळं वीस-पंचवीस दिवसांत हाताला येतं. मोलेझनचा दाखला आहे. यात भांडण होणार, हेही आधीच सांगून ठेवायला हवं. तो पेले उपडे ठेवेल, ती उताणे ठेवत आली असेल. तो ताटं भिंतीकडे लावेल. 'माझं सगळं बदलून ठेवलं' ही तक्रार येईल आणि ती रास्त असेल, कारण आता एका घरात दोन नकाशे झालेले असतील. अशा वेळी त्याने लगेच खण विकत आणून व्यवस्था लावायला निघू नये. पुरुषांना हा मोह फार होतो. नेमकी चहाच्या वेळेला गाळणी सापडणार नाही. 'अहो, गाळणी कुठे ठेवलीत?' असा प्रश्न तेव्हा त्या घरात पहिल्यांदाच उलट्या दिशेने येईल, आणि त्याने मान वर न करता 'दुसऱ्या खणात, डावीकडे' असं सांगितलं पाहिजे. गाळणी तिथे असली तर उत्तमच.